त्रिकला, थ्री फेज आणि मधली टू फेज

फेब्रुवारी उजाडला की आमच्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. विहिरीचं पाणी दोन परस खाली जातं आणि मराठी भाषा गौरव दिनाच्या तयारीला जमलेल्यांपैकी कुणीतरी वीजजोडणीचा कागद नाचवत विचारतं, की यावर ‘सिंगल फेज’ अन् ‘थ्री फेज’ का लिहायचं, मराठीतले शब्द मेलेत का? यंदा आमच्या वाचनालयाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला आणि पाच मिनिटांत दोन तट पडले. एकीकडे निवृत्त मुख्याध्यापक. फेज म्हणजे कला, सिंगल फेज म्हणजे एककला, थ्री फेज म्हणजे त्रिकला. शब्द कोशात तयार आहेत, आपल्यालाच वापरायची लाज. दुसरीकडे आयटीआय करून वायरिंगची कामं घेणारा आमच्याच आळीतला पोरगा. तो म्हणाला, “सर, दुकानात जाऊन ‘त्रिकला स्टार्टर द्या’ म्हणून बघा. तो तुम्हाला तमाशाच्या फडाचा पत्ता देईल.” हशा झाला, चहा आला, बैठक संपली. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून अशा वादांना जरा जास्तच धार आलीय, पण गाडी पुढे सरकत नाही.

मला विचाराल तर दोघंही चुकीच्या शब्दावर भांडत होते. एक फेज आणि तीन फेज यांना काय म्हणायचं यावरून आजवर कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. नुकसान होतं ते मधल्या शब्दापायी. ‘टू फेज’, म्हणजे तीनपैकी एक फेज जाऊन दोनच उरणं. गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडात असलेला हा शब्द मुख्याध्यापकांच्या कोशात नाही आणि त्या पोराच्या आयटीआयच्या पुस्तकातही त्या अर्थानं नाही. विजेच्या परिभाषेची खरी परीक्षा एकाच जागी होते: रात्री दीड वाजता पंपाच्या स्टार्टरच्या पेटीसमोर बॅटरी धरून उभ्या असलेल्या माणसाला, बटण दाबावं की नाही, हे त्या शब्दावरून कळतं का? या परीक्षेत ‘त्रिकला’ही नापास आणि ‘थ्री फेज’ही काठावर पास.

आधी मुख्याध्यापकांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. ‘कला’ हा शब्द कुणी टेबलाशी बसून उगाच चिकटवलेला नाही. फेज हा मूळ ग्रीक शब्द, त्याचा अर्थ दिसणं, प्रकटणं. युरोपात तो चंद्राच्या बदलत्या रूपांसाठी रुळला आणि तिथून लहरींच्या शास्त्रात गेला. आपल्याकडे चंद्राच्या त्याच रूपांना कला म्हणतात. म्हणजे ज्यानं हा प्रतिशब्द निवडला त्यानं शब्दाचा माग काढत थेट उगमापर्यंत जाऊन आपल्याकडची समांतर वाट धरली. दोन लहरींमधल्या फरकाला ‘कलांतर’ म्हणणं तर इंग्रजी शब्दापेक्षा सुटसुटीत आहे. शिवाय घडवलेले शब्द रुजतच नाहीत, हा टोमणाही खोटा. ‘रोहित्र’ (ट्रान्सफॉर्मर) रोज वर्तमानपत्रात असतो. ‘उपकेंद्र’ कुणाला अडत नाही. 2005 साली जुन्या वीज मंडळाचे तुकडे झाले तेव्हा महावितरण, महापारेषण, महानिर्मिती ही नावं आली आणि ‘पारेषण’ हा कधी कुणी न उच्चारलेला शब्द पाटीवर चढून बसला. भाषेनं नव्या यंत्रासाठी शब्दच घडवायचे नाहीत असं ठरवलं तर ती देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यापुरती उरते, ही मुख्याध्यापकांची भीतीही खरी आहे.

पण रोहित्र रुजला तो कुठे? बातमीत, निवेदनात, आमदारांच्या पत्रात. वावरात तो ‘डीपी’च आहे. “डीपी जळाली”, “डीपीवरचा डिओ (फ्यूज) उडाला” असंच कानावर येतं. आणि त्यात काही बिघडलेलं नाही, कारण रोहित्र म्हणा की डीपी, ती वस्तू खांबावर बसलेली आहे, बोट करून दाखवता येते. फेजचं तसं नाही. फेज दिसत नाही. टेस्टरचा इवलासा दिवा एवढीच त्याची खूण. न दिसणाऱ्या गोष्टीचं नाव जरा जरी इकडचं तिकडं झालं, तरी माणूस त्या नावाच्याच जोरावर चुकीचं काम करतो.

आता त्या दुकानाकडे येऊ, जिथे हा सगळा गोंधळ उघडा करून दाखवतात. आमच्या बाजारपेठेत मोटारी भरणाऱ्याचं दुकान आहे. भरणं म्हणजे जळालेलं वाइंडिंग काढून नवी तार बसवणं. मागच्या उन्हाळ्यात आमची साडेसातची मोटार तिथे नेली. (सरकारी कागदावर ती 7.5 अश्वशक्तीची, शेतकऱ्याच्या तोंडी नुसती साडेसातची. दोन्ही सुखानं नांदतात.) त्यानं मोटार खोलली, आतलं वेटोळं माझ्याकडे वळवलं आणि न विचारता म्हणाला, “टू फेजवर जळालीय.” मी म्हटलं, कशावरून? त्यानं बोटानं दाखवलं. तारेच्या वेटोळ्यांचे गट गोलाकार बसवलेले असतात, तीन फेजचे तीन. त्यातले दोन कोळशासारखे काळे पडले होते, वार्निशचा जळका वास येत होता आणि तिसऱ्याची तार तांब्याच्या नव्या भांड्यासारखी लखलखीत. एक फेज मध्येच गेला होता. तिघांचं ओझं दोघांनी ओढलं, त्यांच्यातून जवळपास पावणेदोन पट करंट गेला आणि ते भाजून निघाले. तिसरा निवांत. जळालेल्या मोटारीचा पंचनामा इतका स्वच्छ असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

गंमत पुढे आहे. या बिघाडाला इंजिनिअर ‘सिंगल फेजिंग’ म्हणतात. शेतकरी अन् मोटार भरणारा ‘टू फेज’ म्हणतात. घटना तीच, नावात आकडाच वेगळा! कोण चुकलं? कुणीच नाही. तीनपैकी दोन तारांत वीज उरली, म्हणून तारा मोजणारा दोन म्हणतो. त्या दोन तारांच्या मध्ये मात्र एकच लहर उरते, पुढे-मागे हिंदकळणारी, म्हणून लहर मोजणारा एक म्हणतो. मोटार फिरवायला जो गरगर फिरणारा जोर लागतो तो त्या एकट्या लहरीतून मिळत नाही. त्यामुळे बंद मोटार सुरू केली तर नुसती घुंघुं करते. आधीपासून फिरत असेल तर फिरत राहते, पण आतून भाजते. आता दुकानात या बिघाडापासून वाचवणारं उपकरण मिळतं, त्याचं नाव ‘सिंगल फेज प्रिव्हेंटर’. ज्याच्या दृष्टीनं सिंगल फेज म्हणजे घरातल्या दिव्याची लाइट आणि बिघाड म्हणजे टू फेज, त्यानं हे नाव वाचून काय समजावं? हे सिंगल फेज अडवणारं यंत्र आहे, आपल्याला तर त्रास टू फेजचा आहे! असं म्हणून ते परत ठेवलेला माणूस मी पाहिलाय. वेडा नव्हता तो. नाव वेडं होतं.

इथे त्या आयटीआयवाल्या पोराचा मुद्दा पुढे येतो: मग शेतकऱ्यालाच खरं नाव शिकवा, शास्त्राचे शब्द जगभर ठरलेले आहेत, मोटारीच्या पाटीवर इंग्रजीच असतं, उद्या ह्याला परगावी, परदेशी काम मिळालं तर ‘एककला’ कुठे चालणार? यातलं पाटीचं आणि पोटाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण ‘जगभर ठरलेले’ हे मात्र ऐकीव. अमेरिकेतल्या साध्या घरात खांबावरून दोन जिवंत तारा आणि एक न्यूट्रल येते. कुठलीही जिवंत तार आणि न्यूट्रल यांत 120 व्होल्ट, दोन जिवंत तारांत 240. तिथले वायरमन या जोडणीला सिंगल फेजच म्हणतात, आणि जिवंत तारा दोन दिसत असताना टू फेज का नाही, यावर तिथेही लोक हिरिरीनं भांडतात. न्यू जर्सीत घर घेतलेल्या माझ्या मावसभावानं हाच प्रश्न मला फोनवर विचारला होता. म्हणजे आमच्या वावरातला तंटा अटलांटिकपलीकडे इंग्रजीतच चालू आहे. भाषा बदलून तो मिटला असता तर तिकडे कधीच मिटला असता.

आणि खरी टू फेज वीज जगात नव्हती असंही नाही. 1895 साली नायगारा धबधब्यावरचं प्रसिद्ध वीजघर सुरू झालं ते टू फेजचंच. दोन लहरी, एकमेकींपासून पाव फेरा अंतरावर. त्यावर मोटार व्यवस्थित फिरते. तीच वीज पुढच्या वर्षी बफेलो शहराकडे न्यायची झाली तेव्हा ती तीन फेजमध्ये बदलून नेली, कारण तीन फेजला तेवढ्याच कामाला तांबं कमी लागतं. त्याआधीच, 1891 मध्ये, जर्मनीत लाउफेनपासून फ्रँकफुर्टपर्यंत 175 किलोमीटर तीन फेजची वीज नेऊन दाखवली होती. पुढे टू फेज मागे पडली, पण इंजिनिअरांच्या पुस्तकात ते नाव त्या जुन्या पद्धतीसाठी राखून ठेवलेलं राहिलं. ओसाड वाड्याला कुलूप लावून ठेवावं तसं. आमचा शेतकरी त्या रिकाम्या वाड्यात राहायला गेला, इतकाच त्याचा गुन्हा. जर्मन लोकांची मला मौज वाटते. त्यांनी तीन फेजच्या विजेला नावच ‘द्रेश्ट्रोम’ दिलं, म्हणजे फिरता प्रवाह. आकडा नाही, ग्रीक नाही. ती वीज काय करते ते सांगितलं.

तारा मोजून नाव ठेवण्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी साताऱ्याजवळच्या लिंब गावी जाऊन यावं. तिथे अठराव्या शतकातली बारामोटेची विहीर आहे. विहिरीची ऐपत किती, तर तिच्यावर मोटा किती चालतात तेवढी. एका मोटेची, दोन मोटांची, चार मोटांची विहीर, हे शेतकऱ्याचं जुनं मोजमाप. त्याच्या दृष्टीनं फेज म्हणजे मोटच: तीन चालल्या तर पाणी भरपूर, दोन चालल्या तर त्या मानानं कमी. अडचण अशी, की तीनपैकी एक मोट थांबली तर उरलेले बैल जळून जात नाहीत. टू फेज हा शब्द इथेच फसवतो. तो बिघाडाला जोडणीचा प्रकार असल्यासारखं नाव देतो. सिंगल, टू, थ्री, जणू पायऱ्याच! मग माणूस म्हणतो, थ्री नाही तर नाही, टूवर भागवू. मोटार कशीबशी सुरू व्हावी म्हणून कंडेन्सर लावतो, प्रिव्हेंटर काढून स्टार्टर डायरेक्ट, म्हणजे संरक्षणाशिवाय, जोडतो आणि महिन्याभरात मोटार घेऊन बाजारपेठेत हजर होतो. कधी कधी नुसती मोटार नाही, अंगावरही बेततं, कारण डायरेक्ट केलेल्या पेटीत ओल्या हातानं बटण दाबायचं असतं.

हे त्याला सुचलं कसं, याचंही उत्तर द्यायला हवं, कारण त्यात त्याच्यापेक्षा व्यवस्थेचा हात मोठा. टंचाईच्या काळात गावोगाव असा प्रकार होता, की ठरावीक तास तिन्ही फेज द्यायचे आणि उरलेल्या वेळात घरातले दिवे चालतील, पण पंप चालणार नाहीत, इतपतच वीज सोडायची. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर (उपकेंद्रातून निघणाऱ्या लाइनी) वेगळे झाले तरी शेतीला दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास ही पाळी बरीच वर्षं चालली. त्यातून फेज या शब्दाला आमच्याकडे एक नवाच अर्थ चिकटला. “आज थ्री फेज रात्रीची आहे.” “थ्री फेज आली का?” इथे थ्री फेज ही तारांची रचना राहिलीच नाही, ती वेळ झाली, रेशन झालं, आणि ‘लाइट’च्या नात्यानं स्त्रीलिंगी झाली. मोटारीला लाइट नाही असं आपण बिनदिक्कत म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. शब्द परका आला खरा, पण त्याचं लिंग, त्याची विभक्ती, त्याचा अर्थ, सगळं आपण इथे लावलं. गुजरातेतही शेतकरी कंडेन्सर लावून दिव्याच्या विजेवर पंप ओढत. तिथे 2003 पासून ज्योतिग्राम योजनेत फीडर वेगळे केल्यावर ते आटोक्यात आलं. शब्द बदलून नव्हे, तारा बदलून.

मग सरकारी शब्द हवेत कशाला? त्यासाठी इतिहासाकडे पाहिलं तर दोन्ही बाजूंना चपराक बसते. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सरनौबताचा सेनापती. शिक्क्यावर मुख्य प्रधान कोरलं गेलं, आणि लोकांच्या तोंडी, बखरीत, आजच्या शाळेच्या पुस्तकातही पेशवाच राहिला. सेनापती मात्र असा रुजला, की सरनौबत आता समजावून सांगावा लागतो. सावरकरांचा ‘दिनांक’ प्रत्येक अर्जावर बसला. पण कोर्टात जाणारा अजून तारखेलाच जातो, दिनांकाला कुणी जात नाही. राज्य झाल्यावर निघालेल्या पदनाम कोशाला अत्र्यांनी बदनाम कोश म्हटलं आणि महाराष्ट्र खळखळून हसला. त्यातलेच कित्येक शब्द आज आपण विचार न करता बोलतो. तेव्हा हसणं हा पुरावा नाही आणि कोशात असणं हाही नाही.

रुजलेल्या शब्दांतला एक तर मला सगळ्यात जास्त सलतो. भारनियमन. किती सहज बसलाय तोंडात! आणि किती खोटा आहे. वीज तोडायची, त्याला नियमन म्हणायचं. लोडशेडिंग या इंग्रजी शब्दात निदान ओझं टाकून दिल्याची कबुली होती, मराठीत तीही गेली. शब्द मराठी आहे एवढ्यावर तो चांगला ठरत नाही, हे मुख्याध्यापकांना मी याच शब्दावरून सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, “पण सुटसुटीत आहे हो.” आहे खरा.

मग करायचं काय? ‘फेज’ राहू द्या. एकफेज, तीनफेज म्हणा, सिंगल-थ्री म्हणा, तो मान शब्दाचा नाही, सवयीचा. ‘कला’ लहरींच्या शास्त्रात, पुस्तकात जरूर ठेवा. तिथे तो शोभतो. मोहीमच काढायची असेल तर ‘टू फेज’ हे नाव बिघाडावरून उठवण्याची काढा. ‘एक फेज गेलाय’ असं म्हणायला जास्त वेळ लागत नाही, आणि ते म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याला काहीतरी तुटलंय हे कळतं. लोक हे आजही बोलतातच. फक्त सूचनेच्या पत्रकावर, खोक्यावर ते छापलेलं नसतं. प्रिव्हेंटरच्या खोक्यावर नाव इंग्रजीत असो, खाली मराठीत एवढं असावं: ‘एक फेज गेला की मोटार आपोआप बंद करतो.’ त्याचबरोबर वर्षानुवर्षं कुणीच न सांगितलेलं एक कोडंही कुठेतरी उकलावं. घरात 230 व्होल्ट, तर तीन फेजला 690 का नाहीत? पाटीवर कवटीखाली 440 लिहिलेलं असतं, कागदावर 400 किंवा 415. कुणी म्हणेल, शेतकऱ्याला काय करायचंय वर्गमुळाशी? वर्गमूळ नकोच. एका उखळात तीन बाया कांडत असल्या की मुसळं एकदम पडत नाहीत, पाळीपाळीनं पडतात. एक वर असते तेव्हा दुसरी खाली निघालेली असते. व्होल्ट मोजतात तेही तिन्हींची बेरीज करून नव्हे, कुठल्याही दोन तारांमधले, आणि पाळी वेगळी असल्यानं दोघींमधला फरक दुप्पटही भरत नाही. 230 च्या 1.73 पट, म्हणजे 400 च्या आसपास भरतो. आणि एक बाई मध्येच उठून गेली तर ताल मोडतो, हेही त्यातच आलं. खरं तर या विजेला ‘तिपाळी’ म्हणता आलं असतं, पण पाळी म्हटल्यावर वर्गात काय होईल ते ओळखून मी तो शब्द बैठकीत काढला नाही.

मोटार भरून आणली त्या दिवशी थोरल्या भावानं पेटीत नवा प्रिव्हेंटर बसवला, आणि लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे. फेज गेला तरी चालत्या मोटारीतून उलटी वीज येऊन त्याचा दिवा मिणमिणत राहू शकतो, हे त्याला दुकानदारानं सांगितलं होतं. दाराला रंग देऊन उरलेल्या ऑइलपेंटनं त्यानं पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं लिहिलं: ‘तिन्ही दिवे सारखे लागले तरच हिरवं बटण दाबा.’ ‘सारखे’च्या खाली दोन रेघा मारल्या.